चित्रातल्या घागरवालीला

मु. पो. प्रकाशा,
ता. शहादा, जि. नंदुरबार

घागरवाली बाई हिस,


तुझं नाव कागदावर कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कामावरूनच हाक मारते आहे. तशी तू एकटी नाहीस. इंग्लंडात हेस्टिंग्जच्या वाळूवर मासळीची टोपली घेऊन उभी आहेस ती तूच, मकावच्या खाडीत वल्हं मारतेस ती तूच, आणि बंगालमधल्या एखाद्या तळ्यावर वाकून कळशी बुडवतेस तीही तूच. साधारण १७८० ते १८४० या साठ वर्षांत चित्रकारांनी वह्याच्या वह्या तुझ्या आकृतींनी भरून काढल्या. युरोपात त्या काळाला रोमँटिक युग म्हणतात. आपल्याकडचा हिशेब मांडायचा तर सवाई माधवरावांची पेशवाई, मग १८१८ ला ती बुडून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात जाणं, आणि पुढची वीसेक वर्षं. या वह्या आज परदेशांतल्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतली पुष्कळ पानं मोबाइलवर पाहता येतात. मी ती शाळेतल्या मुलांना मोठी करून दाखवते.

मी इथे चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते. स्मरणचित्राच्या सरावात ‘पाणवठा’ हा हमखास विषय. मुलं काय काढतात ते सांगते. मागे तीन डोंगर, डोंगरांच्या खाचेत सूर्य, उजव्या कोपऱ्यात नारळाचं झाड, मधे गोल विहीर आणि विहिरीकडून निघालेल्या तीन बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर दोन घागरी, एक हात वर, एक कमरेवर. चेहरा नाही. पाऊल नाही. साडीचा त्रिकोण जमिनीला टेकला की बाई संपली. ही मुलं ज्या घरांतून येतात तिथे आई पहाटे उठून पाणी भरते, मग केळीच्या नाहीतर पपईच्या बागेत मजुरीला जाते. मुलांनी हे रोज पाहिलेलं असतं. तरी कागदावर आई येत नाही, ही त्रिकोणी बाई येते. ही कुठून आली, याचा माग काढत गेले तेव्हा तुझ्याशी येऊन पोचले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कच्च्या रेखाटनात तू काम करत होतीस. पक्कं चित्र करताना चित्रकारांनी तुझं काम काढून घेतलं आणि घागर तेवढी ठेवली.

जॉर्ज चिनरीचंच बघ. लंडनचा हा चित्रकार १८०२ ला मद्रासला उतरला, तिथून बंगालमध्ये गेला, आणि डोक्यावर कर्ज झाल्यावर १८२५ ला मकावला निघून गेला. १८५२ ला मरेपर्यंत तो तिकडेच राहिला. पोटासाठी साहेबांची आणि व्यापाऱ्यांची व्यक्तिचित्रं रंगवायचा. पण त्याचा जीव रमला तो वहीत. मकावला टांका नावाचे लोक होडीवरच जन्मायचे, होडीवरच संसार करायचे, आणि उतारू ने-आण करण्याच्या होड्या त्यांच्या बायका चालवायच्या. चिनरी किनाऱ्यावर जाऊन त्यांना पेन्सिलीने झपाट्याने टिपायचा, मागाहून त्यावर शाई फिरवायचा आणि कडेला गर्नी पद्धतीच्या लघुलिपीत स्वतःसाठी नोंदी करायचा. डोक्याला फडकं, अंगात ढगळ सदरा, पाय अनवाणी. तुझी एकच पाठ एकाच पानावर पुन्हा पुन्हा काढलेली दिसते, कारण त्याला ती पहिल्या फटक्यात सापडायची नाही. तू त्याच्यासाठी थांबणार नव्हतीस. थांबलीस तर भाडं बुडणार. म्हणून चालता हात त्याला चालता असतानाच काढावा लागला. मला ही घाईच फार मोलाची वाटते. त्या घाईत त्याला तुला सजवायला सवडच नव्हती.

घाई म्हणजे काय, हे मी मुलांना आमच्या घाटावर नेऊन दाखवते. केदारेश्वराच्या पायऱ्यांवर सकाळी गर्दी असते. तापी आणि गोमाईचा हा संगम. लोक याला दक्षिण काशी म्हणतात, काशी करून आलं तरी प्रकाशाला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात. कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी दशक्रियेला. त्यांच्या पलीकडे बायका धुणं धूत असतात. मी मुलांना सांगते, देवळाचं शिखर नंतर काढा, आधी गोधडी पिळणाऱ्या त्या दोघींकडे बघा. गोधडी भिजली की एकटीला आवरत नाही. एक जण उजवीकडे पीळ देते, दुसरी डावीकडे. पीळ घट्ट होत जातो तशा दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात, म्हणून दोघी टाचा पायरीच्या कडेला रोवून मागे झुकतात. ओचा वर खोचलेला, पोटऱ्या ताणलेल्या, मान एका बाजूला. पाणी निथळायचं थांबलं की एक जण अचानक हात सैल करते आणि दुसरी हसत शिवी देते. हे सगळं मिनिटभरात उरकतं. मुलांच्या वहीत तेवढ्यात चारच रेघा पडतात. पण त्या चार रेघांत टाच असते.

घागर उचलण्याचंही तसंच आहे. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, भांड्याचं वेगळं. भरलेला हंडा थेट डोक्यावर जात नाही. आधी तो काठावरून मांडीवर घ्यावा लागतो, मग गुडघ्याचा टेकू देऊन छातीशी, आणि तिथून श्वास रोखून एका हिसक्यात चुंबळीवर. खरी मेहनत या हिसक्याची. चालणं त्यामानाने सोपं. आणि बाई, जगभरच्या पक्क्या चित्रांत तू नेहमी चालतानाच दिसतेस! हंडा डोक्यावर चढून बसला, मान ताठ झाली, चालीला डौल आला, की मग चित्रकार रंग कालवायला बसतो. त्याआधीची बाई त्याच्या वहीतच राहून जाते.

जोशुआ क्रिस्टल हा १८०४ ला लंडनमध्ये स्थापन झालेल्या जलरंग चित्रकारांच्या संस्थेचा संस्थापक सभासद. १८०७-०८ च्या सुमारास त्याने हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची, कोळणींची चित्रं केली. त्याची नजर चांगली होती, हे मी मनापासून म्हणते. तो खाली वाळूत उतरून बघणारा माणूस होता. पण त्या काळी प्रदर्शनात मांडायच्या चित्रात बाई ग्रीक पुतळ्यासारखी दिसली की तिला प्रतिष्ठा मिळे, आणि क्रिस्टलच्या कोळणींतही ती ठेवण आहे. खांदे गोल झाले, झग्याच्या चुण्या देवळातल्या मूर्तीच्या वस्त्रासारख्या पडल्या. मासळीचा वास तेवढा गेला.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी मुलांना आवर्जून दाखवते. स्पेनच्या गोयाने १८०८ ते १८१२ च्या दरम्यान, नेपोलियनच्या फौजांनी देश व्यापलेला असताना, पाणी वाहणारी एक बाई रंगवली. ते चित्र आज बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. कमरेवर घडा, दुसऱ्या हातात पेल्यांची टोपली, पाय फाकवून भक्कम उभी, आणि आपल्याकडे रोखून बघते. पक्कं तैलरंगातलं चित्र, पण काम काही सुटलेलं नाही. गोयाने हे केलं म्हणजे ते करता येण्याजोगं होतं. इतरांनी केलं नाही, याला काळाची सबब पुरत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येते. सोल्व्हिन्स नावाचा फ्लेमिश चित्रकार १७९१ ला कलकत्त्याला आला. त्याने तिथल्या लोकांची, त्यांच्या जातींची, धंद्यांची अडीचशे कोरीव चित्रं करून १७९९ पर्यंत छापली. त्याने माणसांना गांभीर्याने घेतलं, एवढं श्रेय त्याचं. पण तिथून एक पायंडा पडत गेला. एका पानावर एक धंदा, एक पोशाख, खाली जातीचं नाव. माणूस नमुना झाला. पश्चिम हिंदुस्थानात कॅप्टन ग्रिंडलेने १८२६ ते १८३० या काळात ३६ रंगीत चित्रांचा देखणा ग्रंथ काढला.  या प्रकारच्या ग्रंथांत इमारती, किल्ले, घाट, देवळं हा मुख्य मजकूर. देऊळ किती उंच आहे हे लंडनच्या वाचकाला कळावं म्हणून पायथ्याशी माणसं काढायची, आणि पाण्याकाठ असला की तिथे घागर घेतलेली बाई ठरलेली. बाई, तुला मोजपट्टी म्हणून उभं केलं होतं गं.

पुण्यात याच सुमारास आपला एक मराठी माणूस रेखाटत होता, गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी त्याने १७९० च्या दशकात वेरूळ-कार्ल्याची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, माणसं काढली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हंडे-घागरी घडवणाऱ्यांचं आडनाव लावणारा हा चित्रकार. त्याच्या हाती वही द्यायला एक मॅलेट निघाला, हे खरं. पण वहीत काय यावं हे मॅलेटच ठरवणार होता, आणि मॅलेटला दगडात रस होता.

खानदेशाच्या वेशीवर अजिंठ्यातही तीच गत. रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत होता. भिंतीवरच्या बायका त्याने वर्षानुवर्षं निरखल्या. पण त्याच्याबरोबर राहिलेल्या पारोचं नाव आपल्याला माहीत आहे ते अजिंठा गावातल्या तिच्या १८५६ च्या कबरीमुळे. गिल १८७९ ला वारला. त्याला भुसावळला, म्हणजे आमच्या तापीच्याच काठी, पुरलं.

पण या सगळ्या पानांत आणखी एक बाई नाही, आणि तिच्याबद्दल तुझ्याशी बोलल्याशिवाय हे पत्र पुरं करता येणार नाही. आपल्याकडे पाण्याकाठ म्हणजे नुसता काठ नव्हता. कुणी पायरी उतरायची, कुणी खाली प्रवाहात भरायचं आणि कुणी लांब उभं राहून कुणाला तरी दया येईपर्यंत वाट बघायची, हे जातीने ठरवून दिलेलं होतं. रिकामं मडकं घेऊन तासन्‌तास उभी राहिलेली ती बाईही पाण्याकाठीच होती. चित्रात डौल यायला भरलेली घागर लागते. तिची घागर भरलीच नाही, म्हणून ती चौकटीत आली नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच पुन्हा परिषद भरली. तिथे त्यांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं. जातीची ओळख पटवून देणारी लुगडी नेसण्याची पद्धत सोडा, तसले दागिने सोडा, असं सांगितलं. आता हे सोल्व्हिन्सच्या आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या पोशाखचित्रांशेजारी ठेवून बघ. साहेबाने जे ‘नमुना’ म्हणून रंगवलं, ती त्या बाईच्या अंगावरची बेडी होती. ती तिला काढून टाकायची होती. पोशाखाचं चित्र कितीही हुबेहूब असलं तरी हे त्यात येत नाही. म्हणून अशी चित्रं मी वर्गात कौतुकाने दाखवते आणि लगेच महाडची गोष्टही सांगते. एक सांगून दुसरी सांगितली नाही तर मुलांशी खोटं बोलल्यासारखं होईल.

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्रांकडे मी मोठ्या आशेने गेले होते. कोल्हापूरचा माणूस, जे. जे. स्कूलमध्ये शिकला, तिथेच उभं आयुष्य शिकवलं. १९२० साली ऑटो रोथफेल्ड या अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकात धुरंधरांची ४८ चित्रं आली. त्यांत कामकरी बायकाही आहेत. पदर कसा खोचला की काम करता येतं, टोपलीच्या भाराने कंबर कुठे मोडते, हे या माणसाला लहानपणापासून माहीत होतं, आणि ते त्याच्या रेघेत उतरलं आहे. साहेबाला ते येणं शक्यच नव्हतं. तरी पुस्तक शेवटी नमुन्यांचंच. रेघ घरची, चौकट परक्याची. मी धुरंधरांना दोष देत नाही. त्या रेघेला आपली चौकट मिळायला हवी होती, ही हळहळ मात्र जात नाही.

आमच्या प्रकाशाला तर घागरीचा इतिहास साडेतीन हजार वर्षांचा आहे. संगमाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर लागले. माळवा आणि जोर्वे धाटणीची खापरं निघाली, तांबड्या अंगावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली. नदीशेजारच्या गावात मडक्यातून पाणी वाहून नेणारे हात तेव्हापासून आहेत. चित्रकाराने येऊन त्यांना काव्यात बसवायची वाट कुणी पाहिली नव्हती.

आणि मडक्याचं म्हणशील तर या तालुक्यातल्या बायकांनी ते फोडूनही दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळात शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिच्यातलं मोठं नाव. भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उठले, आणि त्यांच्यात बायका पुढे होत्या. घरात मार खाणाऱ्या या बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. त्यांच्या त्या मोर्च्यांचं मला रेखाटन हवं होतं. वर उचललेला हात, हातात दगड, आणि समोर मडकं. घागर डोक्यावर घेऊन पाठमोरी निघालेली बाई आमच्या मुलांनी शंभरदा काढली. हिला एकदा तरी काढायला हवं.

आता इथे काय चाललं आहे, तेही कळवते. प्रकाशा बॅरेज झाल्यापासून तापीचं पाणी अडून राहतं. जिथे पाणी चढलं तिथली वाळू बुडाली आणि वाळूत होणाऱ्या टरबूज-डांगराच्या वाड्याही गेल्या. त्या वाड्यांवर राबणाऱ्या बायका दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला लागल्या. नळ बऱ्याच घरांत आले, प्लास्टिकची पिंपं आली, स्टीलच्या हंड्याला आता चुंबळ लागत नाही असं पोरी म्हणतात, आणि भरलेला हंडा डोक्यावर घ्यायची वेळ आली की त्याच पोरी ओढणीची चुंबळ वळतात. धुणं आणि गोधड्या अजून घाटावरच येतात. काम बदललं, संपलं नाही.

वर्गात मी एक नियम केला आहे. घाटावर कुणालाही काढण्याआधी विचारायचं. ती नको म्हणाली तर वही मिटायची. हो म्हणाली तर चित्राखाली तिचं नाव, ती काय करत होती आणि किती वाजले होते, एवढं लिहायचं. पहिल्यांदा मुलं लाजली. बायका तर जास्तच लाजल्या. ‘माय वं, मना काय फोटू काढस!’ म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकीने स्वतःचं नाव लिहिलेलं पाहिलं आणि मुलाच्या हातून पेन्सिल घेऊन त्याखाली नवऱ्याचं नव्हे, बापाचं नाव लिहिलं. माझ्या एका विद्यार्थिनीने आईला गोधडी पिळताना काढलं. हाताचे पंजे चेहऱ्याहून मोठे झाले. प्रमाण चुकलं, असं तिचं तीच म्हणाली. मी ते तसंच भिंतीवर लावलं. पिळताना पाहिलं तर हातच मोठे दिसतात.

तुझ्या वह्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्या संग्रहालयांकडे माझं एक मागणं आहे, ते तुझ्या नावाने मांडते. चित्राखाली ‘घागर घेतलेली स्त्री’, ‘देशी बाईचा अभ्यास’ असं लिहून भागवू नका. ती पाणी उचलते आहे, मासळी वाहते आहे, होडी चालवून भाडं कमावते आहे, असं क्रियापद लिहा. नाव हरवलं ते आता मिळणार नाही, पण काम तर समोर दिसतं आहे. आणि आपल्याकडच्या रेखाकला परीक्षेच्या परीक्षकांनाही हात जोडून सांगते: यंदा पाणवठ्याच्या चित्रात डोंगर नसलेली, नारळ नसलेली, हंडा गुडघ्यावर घेऊन वाकलेली, तोंड वेडंवाकडं झालेली आणि दोन्ही टाचा जमिनीत रोवलेली एखादी बाई आली, तर ‘आकृती सुबक नाही’ म्हणून तिचे गुण कापू नका.

तुझी,
घाटावरची एक चित्रकला शिक्षिका